पीएमपीचं पुस्तक घेण्याआधी

पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी म्हटली की पहिला खर्च होतो जाडजूड पुस्तकावर. त्याआधी ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ‘एक्झाम कंटेंट आउटलाइन’, म्हणजे परीक्षेचा आराखडा, डाउनलोड करा. ती फुकट आहे, आणि प्रश्नपत्रिका तिच्यावर बेतलेली असते, पीएमआयच्या पिंबॉक गाइड या संदर्भग्रंथावर नाही. २०२१च्या आउटलाइनमध्ये पीपल (माणसं सांभाळणं) या विभागाला ४२ टक्के, प्रोसेसला ५० आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंटला ८ टक्के वाटा होता. साधारण निम्मे प्रश्न अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याच्या) किंवा हायब्रिड (अजाइल आणि पारंपरिक यांच्या मिश्र) पद्धतीचे होते. म्हणून पिंबॉकच्या सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रोसेस घोकायला लावणाऱ्या नोट्स कुणी कितीही प्रेमाने दिल्या तरी बाजूला ठेवा. शिवाय आउटलाइन अधूनमधून बदलते. आपल्या परीक्षेच्या तारखेला कोणती लागू आहे ते बघूनच कोर्सचे पैसे भरा.

अर्जासाठी ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. रेकॉर्ड केलेला कोर्सही चालतो, पण त्याच्या शेवटी चाचणी हवी. पिंबॉक विकत घेण्याची घाई नको, पीएमआयच्या सभासदांना पीडीएफ मिळते. सरावाच्या प्रश्नसंचावर मात्र हात आखडू नका: उरलेले तीन पर्याय का चुकले, हेही समजावणारा संच घ्या. ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ विकणाऱ्यांकडे तर फिरकूच नका.