शाळेची परसबाग: सुट्टीतलं पाणी आधी ठरवा, बियाणं नंतर आणा

शाळेची परसबाग किडीने क्वचितच मरते. ती मरते सुट्टीत, पाण्यावाचून. ऑक्टोबरमध्ये टोमॅटो-वांग्याची रोपं लागतात आणि ती जेमतेम दोन आठवड्यांची होतात तोच दिवाळीची सुट्टी येते. परतीचा पाऊस संपलेला असतो, दुपारचं ऊन चटके देतं आणि मुळं अजून वीतभरही खाली गेलेली नसतात. अशा रोपाचं चार दिवस पाणी चुकलं, तर पाचव्या दिवशी बादली ओतून उपयोग नाही.

म्हणून आजच एक कागद घ्या. सुट्टीच्या प्रत्येक तारखेपुढे पाणी घालणाऱ्याचं नाव लिहा, शेजारी बदली माणसाचं. ‘पालक बघतील’ हे नाव नव्हे. एका घराकडे सलग तीन दिवसांपेक्षा जास्त पाळी नको. सगळ्यात जास्त घात होतो तो किल्लीपायी: माणूस येतो, पण फाटकाला कुलूप आणि मोटरीची किल्ली गुरुजींबरोबर तालुक्याला गेलेली. दोन्ही किल्ल्यांची जादा जोडी स्वयंपाकी ताईंकडे ठेवा.

आता पाण्याचा हिशेब. १ मीटर रुंद, ३ मीटर लांब वाफ्याला ऑक्टोबरच्या उन्हात रोज १२ ते १५ लिटर लागतं, म्हणजे एक बादली. दहा वाफ्यांना दहा बादल्या. सुट्टीत रोज दहा बादल्या कुणी ओढणार नाही, हे धरूनच आखणी करा:

- रोपं लावायची तर सुट्टीच्या किमान ३ आठवडे आधी; नाहीतर शाळा उघडल्यावरच.
- रोपवाटिका शाळेत नको. सुट्टीच्या १०-१५ दिवस आधी बी टाका आणि ट्रे ज्यांच्या अंगणात रोज पाणी असतं त्या घरी ठेवा. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत तयार होतं, तोवर शाळा भरलेली असते.
- मेथी सुट्टीच्या ३५ दिवस आधी पेरा, म्हणजे काढूनच कुलूप लावता येईल.
- पीक उभं असलेल्या वाफ्यात सोयाबीनचं भूस किंवा पाचट ५ ते ७ सेंटिमीटर पसरा, खोडापासून तीन बोटं सोडून. चिकटवलं तर खोड कुजतं आणि वाळवीही लागते.
- प्रत्येक वाफ्यात ५-७ लिटरची तीन मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरा, वर झाकणी. मडकं रंगवलेलं किंवा चकचकीत नको; पाणी भरल्यावर बाहेरून ओलावलं तरच ते पाझरतं. रोपं मडक्यापासून वीत-दीड वीत अंतरात. सुरुवातीला दोन दिवसांतच रिकामं होतं. भोवतीच्या मातीत पाणी मुरलं की तीन-चार दिवसांनी भरलं तरी चालतं.

टायमरवाला ठिबक संच गळ्यात मारायला विक्रेते येतील. वीज गेली, टाकी रिकामी राहिली किंवा नळी उंदराने कुरतडली, तर तो संचही माणसाचीच वाट बघतो. तेवढ्या पैशात सगळ्या वाफ्यांना मडकी येतात.

बागेतून किती मिळेल याचा अंदाज खरा ठेवा. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे, उच्च प्राथमिकला ७५ ग्रॅम. प्राथमिकची ६० मुलं म्हणजे दिवसाला ३ किलो. वर सांगितलेल्या वाफ्यातून मेथी निघते अडीच-तीन किलो. एक वाफा, एक दिवसाची भाजी! दहाही वाफे एकाच दिवशी पेरले तर आठवडाभर भाजी फुकट जाते आणि पुढे महिनाभर काहीच नसतं. दर सोमवारी एकच वाफा पेरा. पेरल्याची, उगवल्याची, काढल्याची तारीख आणि वजन मुलांनीच भिंतीवरच्या तक्त्यात लिहावं. गणिताचा तास तिथेच होतो.

नेहमीची कामं:

- गादीवाफा १५-२० सेंटिमीटर उंच, मधली वाट ४५ सेंटिमीटर
- कुजलेलं शेणखत चौरस मीटरला २ ते ३ किलो
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम
- मेथीचं बी हेक्टरी २५-३० किलो, म्हणजे वाफ्याला साधारण ९ ग्रॅम. कोवळी काढायची असेल तर आमच्या अंदाजाने १५ ग्रॅम टाकावं
- धणे रगडून, दोन डाळी करून पेरणं
- टोमॅटो ६० × ४५, वांगी ६० × ६० सेंटिमीटर अंतरावर
- बी साधं: परभणी क्रांती भेंडी, मांजरी गोटा वांगी, पुसा नवबहार गवार

महागड्या टॉनिकच्या बाटल्या आणि तयार ‘किचन गार्डन किट’ घेऊ नका. कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावरचं बी पुरतं.

डिसेंबरच्या ढगाळ हवेत मावा (रस शोषणारी बारीक कीड) येणारच. ५ टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, एकूण १० लिटर करा, २० ग्रॅम साबण मिसळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या मे-जूनमध्येच वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. वांग्याचे सुकलेले शेंडे दर शनिवारी खुडून जाळा. मुलं भाजी खुडता खुडता तोंडात टाकतात, तेव्हा रासायनिक कीटकनाशक या बागेत नकोच.

हात धुण्याचं पाणी चर काढून केळी-अळूकडे वळवा. ६० मुलांचं रोज ३० लिटर तरी होतं. पालेभाजीला मात्र ते साबणाचं पाणी नको.

मे महिना दिवाळीपेक्षा वाईट. सुट्टी दीड महिन्याची, विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, आणि वाफ्याला रोज दीड बादली लागते. मार्चअखेर पालेभाजी थांबवा. भेंडी-गवारीचे दोनच वाफे ठेवा. उरलेले आठ एकदा भिजवून पारदर्शक पातळ प्लास्टिकने झाका, कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसेच तापू द्या. मातीतली बुरशी आणि तणाचं बी त्या उष्णतेने मरतं, आणि पाण्याची पाळी दोन वाफ्यांवर येते.

जूनमध्ये लावलेल्या शेवगा, लिंबू, कढीपत्त्याला पहिला मे जड जातो. झाडामागे आठवड्याला दोन बादल्या, आळ्यात पाचट. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पाळीची यादी पुन्हा भिंतीवर लावा आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्या हातात द्या.