बाबांच्या उताऱ्यापासून पहिल्या पुल रिक्वेस्टपर्यंत

बाबांना कन्नड बोलता येतं. खानापूरच्या बाजारात ते भाव करतात तेसुद्धा कन्नडातच. वाचता मात्र येत नाही, त्यांची शाळा मराठी. आणि खानापूर कर्नाटकात, त्यामुळं शेताचा उतारा निघतो कन्नडात. पीककर्जाच्या दिवसांत उतारा काढून आणला की संध्याकाळी तो माझ्यापुढं यायचा. "बघ की रे, नाव बरोबर लागलंय काय?" मी शाळेत कन्नड शिकलो होतो म्हणून वाचून दाखवायचो. गल्लीतली आणखी चारपाच माणसं आपापले उतारे घेऊन ओसरीवर बसलेली असायची.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कन्नड मजकूर द्यायचा, देवनागरी घ्यायचा. भाषांतर नाही, फक्त लिपी बदलायची. काम वाटतं तितकं अवघड नव्हतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक; त्यात देवनागरी 'क' चा क्रमांक 2325 आहे आणि कन्नड 'क' चा 3221. फरक 896. 'ख' घ्या, 'ळ' घ्या, आकडे घ्या, फरक तोच, कारण दोन्ही लिप्यांची मांडणी इस्की या आपल्याच जुन्या मानकावरून घेतलेली आहे. प्रत्येक अक्षरातून 896 वजा करायचे, झालं. पहिल्यांदा 'खानापुर' अक्षरं पडद्यावर देवनागरीत उमटली तेव्हा मी बाबांना हाक मारून बोलावलं होतं.

आमच्या भागातली मुलं आता विचारतात, ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या कामात, सुरुवात कुठून करायची? मी माझी सुरुवात सांगतो, चुकांसकट.

पहिली चूक फोल्डरांची. लॅपटॉपवर 'उतारा', 'उतारा नवा', 'उतारा नवा 2' आणि 'उतारा चालणारा' असे चार फोल्डर होते. एका रात्री जोडाक्षरं दुरुस्त करताना आकडे बिघडले आणि चारांपैकी खरा चालणारा कुठला, तेच कळेना. टिळकवाडीत खोलीवर माझ्यासोबत राहणारा सिनियर म्हणाला, "गिट वापर की." बेळगावात जीआयटी म्हटलं की उद्यमबागेतलं गोगटे कॉलेज डोळ्यांपुढं येतं. हे गिट वेगळं, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं 2005 च्या एप्रिलमध्ये लिहिलेलं. लिनक्सचं काम तोवर एका कंपनीच्या बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याचा फुकट वापर बंद झाला आणि हातातलं काम अडलं, म्हणून त्यानं स्वतःचं साधन बनवलं. मर्क्युरियल नावाचं दुसरं साधनही त्याच सुमाराला, त्याच कारणानं जन्मलं.

गिट मला समजलं ते उताऱ्यामुळंच. जमिनीत काही बदल झाला की फेरफार पडतो: काय बदललं, कधी, कुणाच्या नावानं. जुनी नोंद खोडून टाकत नाहीत, पुढं नवी नोंद येते. गिटमधला कमिट म्हणजे असा एक फेरफार. फरक एवढाच की फेरफाराचं दफ्तर सरकारदरबारी एकच असतं, तर गिटमध्ये ज्यानं क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवून घेतली, त्याच्या घरी अख्खं दफ्तर येतं, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत. 'डिस्ट्रिब्युटेड' म्हणतात ते हेच. पावसाळ्यात एसटीत माझी बॅग भिजली आणि लॅपटॉप गेला, तेव्हा सिनियरच्या लॅपटॉपवरच्या क्लोनमधून शेवटचे दोन दिवस सोडून सगळं परत मिळालं.

जांबोटीच्या बाजूच्या मुलांना हे खास सांगतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. गिटला कमिट करायला इंटरनेट लागत नाही. जुना इतिहास बघायला, नवी ब्रँच (मूळ कोडला हात न लावता काम करायची वेगळी फांदी) काढायला, दोन ब्रँच जोडायलाही लागत नाही. मी आठवडाभर घरी कमिट करत राहायचो आणि सोमवारी बेळगावच्या बसस्टँडवर उतरलो की मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एकदाच पुश करायचो, म्हणजे सगळे कमिट इंटरनेटवर चढवायचो. गावात राहून हे काम होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता कोड ठेवायचा कुठं? गिट म्हणजे गिटहब नव्हे. गिट हे तुमच्या मशिनवरचं साधन. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग या ते साठवून लोकांपुढं ठेवणाऱ्या जागा. नवख्यानं गिटहबवर सुरुवात करावी, कारण माणसं तिथं जास्त आहेत. पण जागा कायमची नसते. गूगल कोड 2016 मध्ये बंद झालं. बिटबकेटनं 2020 मध्ये मर्क्युरियल काढून टाकलं आणि तिथल्या लोकांना रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास असलेली दफ्तरं, हलवावे लागले. माझा रेपो आज गिटहबवर आहे आणि कोडबर्गवरही. गिटमध्ये दुसरा रिमोट, म्हणजे कोड चढवायची दुसरी जागा, जोडायला एक ओळ पुरते. कोडबर्ग ही बर्लिनची ना-नफा संस्था चालवते आणि फक्त मोकळ्या परवान्यांचे प्रकल्प घेते. मला ती जागा आवडते. गिटहबवर 2021 पासून कमांड लाईनवरून पासवर्ड चालत नाही, त्याऐवजी ओळख पटवणारं टोकन किंवा एसएसएच की लागते. पहिल्या दिवशी बहुतेक जण इथंच अडकतात. एसएसएच की एकदाच नीट करून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक यापुढची आहे आणि ती मी अगदी थोडक्यात टाळली. प्रोग्रॅम तपासायला मी नमुन्याची फाईल केली होती. त्यात काय होतं? ओसरीवर आलेल्या उताऱ्यांवरची खरी नावं, सर्व्हे नंबर, कुणाच्या जमिनीवर किती बोजा आहे तो आकडा. बसून टाइप केलेला आणि पहिल्याच कमिटमध्ये टाकलेला. रेपो सगळ्यांसाठी खुला करायच्या आदल्या रात्री लक्षात आलं. मी फाईल डिलीट केली, कमिट केलं, सुटलो म्हणून झोपायला निघालो. सिनियरनं हसून न घालवता मला परत बसवलं आणि जुन्या कमिटवर जाऊन दाखवलं. फाईल तिथं जशीच्या तशी होती. शेजारच्या काकांचं कर्ज, आकड्यासह.

फेरफार खोडला जात नाही, हे मीच एवढं कौतुकानं शिकलो होतो. इतिहासातून काही उपटून काढायचं तर गिट फिल्टर-रेपो नावाचं साधन आहे, ते पहिल्यापासूनचा सगळा इतिहास नव्यानं लिहितं. पण रेपो एकदा खुला झाला आणि कुणी क्लोन केला, तर त्याच्या घरच्या दफ्तरातून तुम्ही काहीच काढू शकत नाही. माझा इतिहास लहान होता, मी सगळा टाकून दिला आणि बनावट नावं घालून रेपो नव्यानं सुरू केला. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा प्रोग्रॅममधून वापरायची गुप्त किल्ली) अशी बाहेर गेली असेल तर साफसफाई नंतर, आधी ती की रद्द करा. आणि लोकांनी विश्वासानं तुमच्यापुढं धरलेला कागद कधीच रेपोत टाकू नका.

परवाना. कोड खुला दिसतो म्हणजे तो वापरायला मोकळा असतो असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे. लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा, कुठं नोंदवावा लागत नाही. म्हणून परवान्याची फाईल नसेल तर दुसऱ्यानं तो घेऊन वापरणं नियमात बसत नाही. एमआयटी परवाना म्हणतो, माझं नाव आणि हा परवाना ठेवा, बाकी काहीही करा. जीपीएल म्हणतो, यावर काही बांधून वाटलंत तर तुमचाही कोड याच अटीवर द्या. मी जीपीएल घेतला, कारण बाबांच्या अडचणीतून निघालेली गोष्ट कुणी बंद डब्यात घालून विकावी हे मला नको होतं. नोकरीला लागल्यावर एक गोष्ट बघा: कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा हक्क सहसा कंपनीचा असतो, तो आपल्या रेपोत आणू नका.

रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाईल, मी तीन भाषांत लिहिली, मराठी, कन्नड, इंग्रजी. कन्नड रीडमीला तीन दिवस लागले आणि त्यातल्या चुका नंतर लोकांनीच सुधारल्या. त्याच रीडमीमुळं धारवाडच्या एका मुलीला माझा रेपो सापडला.

तिनं इश्यू, म्हणजे रेपोवर लेखी तक्रार, टाकला. प्रोग्रॅममधून 'बेळगावी' नीट येत नाही, म्हणाली. मी बघितलं, ब वरची मात्रा वेगळीच दिसत होती, आडवी-वाकडी. कारण असं की कन्नडात 'ए' दोन असतात, ऱ्हस्व आणि दीर्घ, तसेच 'ओ' ही दोन. गावाच्या नावातला 'बे' ऱ्हस्व आहे. 896 वजा केले की देवनागरीतला ऱ्हस्व ए येतो, 'बॆ'. युनिकोडमध्ये तो आहे, पण मराठी माणसानं आयुष्यात वाचलेला नाही. मी वर्षभर ते बघत होतो आणि फॉन्टचा दोष समजत होतो.

नुसतं सांगून ती थांबली नाही. रेपो फोर्क केला, म्हणजे आपल्या खात्यावर त्याची प्रत काढली, आपल्या मशिनवर क्लोन केला, नवी ब्रँच काढली, चार ओळी बदलल्या: ऱ्हस्व ए आणि ओ, अक्षर आणि मात्रा, चारही मराठीच्या नेहमीच्या ए-ओ वर वळवले. खाली एक चाचणी जोडली. कमिटवर लिहिलं होतं, 'मराठी वाचकासाठी ऱ्हस्व ए-ओ दीर्घ केले'. कन्नड मातृभाषेच्या मुलीनं मराठीत लिहिलेली ती एक ओळ मी कितीदा वाचली असेल! पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' ही विनंती, आली ती रात्री, मर्ज केली, म्हणजे बदल आत घेतला, सकाळी, तिला एक प्रश्न विचारून: जुनं रूप कुणाला हवं असलं तर? तिनं एक पर्याय वाढवून दिला.

तुम्ही दुसऱ्याच्या प्रकल्पात जाल तेव्हा तिच्यासारखं जा. एका वेळी एकच दुरुस्ती. आधी इश्यू, मग कोड. उत्तर यायला आठवडा लागला तरी रागावू नका, पलीकडचा माणूस नोकरी सांभाळून बघत असतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. फाईलचं नाव देवनागरीत ठेवलं की गिट ते नाव न दाखवता 340, 244 असे आकडे दाखवतं. फाईल बिघडलेली नसते. कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा, नावं वाचता येतील. मी या आकड्यांना घाबरून सगळ्या फाईलींची नावं इंग्रजी करून टाकली होती, नंतर परत मराठी केली.

नोकरीच्या मुलाखतीत माझ्या मार्कांवर दोन मिनिटं बोलणं झालं आणि त्या ऱ्हस्व ए वर वीस. समोरच्या बाईंनी मर्जची चर्चा उघडून वाचली होती.

सध्या रेपोत एक इश्यू उघडा आहे. उताऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या रकान्यात आणि शेऱ्यांत जी संक्षिप्त कन्नड अक्षरं येतात, ती नुसती लिपी बदलून कळत नाहीत, त्यांची यादी हवी. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठलेही असा. घरात उतारा असेल आणि कन्नड थोडं वाचता येत असेल, तर एका संक्षेपाचा अर्थ लिहून पुल रिक्वेस्ट करा. नाव-नंबर झाकून. बाबांनी सांगितलेले सहा मी टाकलेत.