बल आणि गतीची गणितं : या चुका टाळा

अकरावीच्या मुलांची पहिली चाचणी तपासायला घेतली की पहिल्या चार-पाच पेपरांतच हे वाक्य भेटतं : "टेबलावरच्या पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने वर लावलेलं बल ही प्रतिक्रिया." दहावीत नव्वदच्या पुढे गुण घेतलेली मुलंही हे ठामपणे लिहितात. दोन्ही बलं सारखी, दिशा उलट, मग जोडी का नाही?

कारण दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली (प्रत्येक क्रियाबलाला तितकंच, उलट दिशेचं प्रतिक्रियाबल) जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ही एक जोडी. टेबल पुस्तकाला वर रेटतं, पुस्तक टेबलाला खाली रेटतं, ही दुसरी. टेबलाच्या या बलाचं पुस्तकातलं 'लंब प्रतिक्रिया' हे नावच मुलांना फसवतं, म्हणून मी वर्गात 'टेबलाचा रेटा' म्हणतो.

एका वर्षी एक हुशार मुलगा काही केल्या ऐकेना. "सर, दोन्ही नेहमी सारखीच येतात की!" शेवटी घरातला तबकडीचा जुना वजनकाटा उचलला आणि चौघा-चौघांना आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नेलं. (डिजिटल काटा नको, तो आकडा गोठवून ठेवतो.) त्या मुलाचं वस्तुमान साठ किलो. लिफ्ट वर निघाली तसा काटा 63 च्या आसपास गेला, मधल्या मजल्यांवर परत 60 वर आला आणि थांबताना 57 कडे उतरला. पृथ्वीची ओढ तर तीळभरही बदललेली नव्हती. बदलत होता तो काट्याचा रेटा. खरी जोडी असती तर दोन्ही बलं एका क्षणासाठीसुद्धा वेगळी झाली नसती. तो पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिला आणि तिसऱ्या फेरीत स्वतःच म्हणाला, "सर, मधे लिफ्ट चालू होती, तरी काटा साठवरच होता!"

ही दुसरी मोठी चूक, आणि माझ्या मते सगळ्या चुकांची आई : वस्तू हलतेय म्हणजे तिच्यावर गतीच्या दिशेने बल असणारच. मधल्या मजल्यांवर लिफ्टचा वेग स्थिर होता, म्हणून निव्वळ बल शून्य. बल लागतं ते वेग बदलायला. वर फेकलेल्या चेंडूच्या आकृतीत मुलं 'हाताचं बल' म्हणून वर जाणारा बाण काढतात. चेंडू हातातून सुटला की हाताचं काम संपलं. हवेचा विरोध सोडला तर उरतं फक्त वजन, खाली. सगळ्यात उंच बिंदूवर वेग शून्य असतो, पण त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, तेव्हाही 9.8 मीटर प्रति सेकंद वर्गच, खालच्या दिशेने.

माझी सवय सांगतो. आकृतीतल्या प्रत्येक बाणाजवळ पेन्सिलीने 'कोणी–कोणावर' लिहायचं : 'पृथ्वीने–पुस्तकावर', 'टेबलाने–पुस्तकावर'. 'कोणी' सापडत नसेल तर बाण खोडायचा. हाताचं बल तिथेच गळतं. जोडी हवी असेल तर दोन नावांची अदलाबदल करायची.

बल, वस्तुमान, त्वरण असा त्रिकोण काढून बोटाने एक अक्षर झाकायची युक्ती मला मनापासून नकोशी वाटते. 5 किलोचं खोकं 20 न्यूटनने ओढलं, घर्षण 8 न्यूटन. त्रिकोणवाले 20 भागिले 5 करून त्वरण 4 लिहितात आणि पर्यायांत 4 असतोच. खरं उत्तर 12 भागिले 5, म्हणजे 2.4. सीईटीत एका प्रश्नाला जेमतेम मिनिट मिळतं हे मान्य, पण आकृतीला पंधरा सेकंद पुरतात. आकृतीचा कंटाळा करणारी मुलंच मला सगळ्यात जास्त वेळ घेताना दिसतात.

वजन किलोग्रॅममध्ये लिहू नका. 60 किलो हे वस्तुमान, ते चंद्रावरही 60 च. वजन इथे 588 न्यूटन, तिथे सुमारे 97.

"जड वस्तू आधी पडते" असं अजून वाटत असेल तर 1971 साली अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, ते चित्रण बघा. दोन्ही एकदमच पडतात. हातोड्यावर ओढ जास्त, पण हलवायचं वस्तुमानही तितक्याच पटीत जास्त.

घर्षण नेहमी गतीच्या उलट नसतं. चालताना पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमिनीचं घर्षणच आपल्याला पुढे नेतं. तेलकट फरशीवर चालून बघितलेल्याला हे समजवावं लागत नाही.

ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. 3.6 ने भागायचं, आणि तेही गणित सुरू करण्याआधी. शेवटी भागू म्हणणारे हमखास विसरतात.