लांबचं इंग्रजी: नव्या बॅचसाठी थोडं

ऐरोलीतल्या आमच्या वॉइस प्रोसेसमध्ये, म्हणजे ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलण्याच्या कामाला, ठाणे, कळवा, दिघा भागातली मराठी माध्यमाची बरीच मुलं येतात. व्याकरण चांगलं असतं, शब्दही पाठ असतात. कॉलवर ग्राहक 'जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब?' विचारतो, तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच इंग्रजी 'फार' (far) येतं. म्हणून या एका शब्दावर मी नव्यांबरोबर सवडीने बसते.

'द डिस्टन्स इज व्हेरी फार' हे वाक्य पहिलं सोडा. फार असते ती जागा. अंतर 'लाँग' किंवा 'ग्रेट' असतं. मराठीत तरी आपण 'अंतर लांब आहे' कुठे म्हणतो? 'अंतर जास्त आहे' म्हणतो.

आता खरी गंमत. 'फार' प्रश्नात आणि नकारात सहज बसतं: 'हाउ फार इज इट?', 'इट इजन्ट फार.' साध्या होकारात नुसतं 'इट्स फार' कानाला अपुरं वाटतं. तिथे 'इट्स अ लाँग वे' म्हणा. 'टू फार' मात्र होकारातही बिनधास्त चालतं. आणि आकडा आला की 'फार' गाळून 'अवे' घ्या. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. म्हणजे 'थर्टी-फोर किलोमीटर्स अवे', 'थर्टी-फोर किलोमीटर्स फार' नव्हे.

नामाआधी 'फार' लावलं की अर्थच बदलतो. 'द फार एंड ऑफ द प्लॅटफॉर्म' म्हणजे प्लॅटफॉर्मचं पलीकडचं टोक. ठाण्याला गर्दीत कुणाला भेटायचं ठरवताना हे फार उपयोगी. लांबचं गाव सांगायचं तर 'डिस्टंट व्हिलेज'. लांबचं नातंही 'डिस्टंट'च, अगदी आपल्यासारखं. माणूस 'डिस्टंट' वाटला, तर तो तुटक वागतोय.

'रिमोट'मध्ये किलोमीटरपेक्षा पोचण्याची अडचण मोठी. शहापूर तालुक्यातला रस्ता नसलेला पाडा 'रिमोट'; वाशी पनवेलपासून लांब असली तरी कधीच नाही. 'रिमोट चान्स' म्हणजे शक्यता जवळजवळ नाहीच. ग्राहकाला रिफंडबद्दल सांगताना हा शब्द तोलून वापरा, तो आशा संपवतो.

'फार बेटर'मधलं 'फार' म्हणजे 'कितीतरी'. पण ते मुख्यतः तुलनेला लागतं. 'फार गुड' होत नाही, तिथे 'व्हेरी'.

मेलमध्ये 'फार्दर' आणि 'फर्दर' यांची अदलाबदल होते. अंतरासाठी दोन्ही चालतात, पण 'आणखी' या अर्थी फक्त 'फर्दर': 'फर्दर डिटेल्स', 'फर्दर टु युअर ईमेल'. क्वालिटी टीम मेल तपासताना इथे हमखास थांबते.