रामेनच्या काउंटरवर बसण्याआधी

टोकियोत येऊन आठवडा झाला की निशी-कासाईत, म्हणजे इथल्या भारतीयांच्या वस्तीत, राहणाऱ्या नव्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: ताई, ऑफिसखाली रामेनचं दुकान आहे, आत जाऊन करायचं काय? गरम रस्स्यातल्या नूडल्सच्या अशाच एका दुकानाच्या दारातून चौदा वर्षांपूर्वी मीही तीनदा परत फिरले होते.

दाराशीच तिकिटाचं मशीन असतं. पैसे टाकले की बटणं पेटतात. जपानी वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. बहुतेक ठिकाणी ते त्या दुकानाचं मुख्य रामेन असतं. तिकीट काउंटरवर ठेवा. हजार येनच्या नोटा जवळ असू द्या, बरीच मशीनं कार्ड घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा कित्येक जुनी मशीनं त्यासुद्धा घेईनात.

आता शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. ‘निकु नुकी’ म्हणजे मांस वगळून. एवढं सांगितलं की वरचे चाशुचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप काढतात. रस्सा तोच राहतो. तोनकोत्सुचा पांढरट रस्सा डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला असतो. शोयु म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ, मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. पण ही झाली चवीची नावं. खालचा रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीचा, डुकराचा नाहीतर सुक्या मासळीचाच. वरचा तवंगही पुष्कळदा चरबीचा.

माझ्या दुसऱ्या वर्षी आई आली होती. जन्मात अंडंही न खाल्लेली. मरणाची थंडी होती, म्हणून तिला मिसो रामेन खायला नेलं आणि ‘निकु नुकी’ असं ठणकावून सांगितलं. तिने वाडगा दोन्ही हातांत धरला, चष्म्यावर वाफ धरली. ‘आपल्या कटाच्या आमटीसारखं लागतंय गं,’ म्हणाली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ती परत गेल्यावर महिन्याभराने भाषेच्या वर्गातल्या बाईंकडून कळलं, रस्सा कशाचा असतो ते. मी आईला फोन करून सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘तुला माहीत नव्हतं ना?’ तो प्रश्न मला आजही टोचतो.

म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. ‘शिओ चालतं रे’ असं छातीठोकपणे सांगणारे आपल्यात खूप आहेत, आणि ते स्वतः सगळं खाणारे असतात. जिथे स्पष्ट ‘वीगन’ लिहिलंय तिथेच जा. टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या गेटच्या आत, केइयो लाइनच्या बाजूला टीज तानतान आहे. तिथलं तिळाच्या दाट रस्स्यातलं तानतानमेन पूर्ण वीगन आहे. आई पुन्हा आली तेव्हा तिला तिथेच नेलं.

काउंटरला आठ-दहा स्टुलं असतात. सहाजणांचा घोळका नेऊ नका, दोघांत एक वाडगा मागू नका. आणि जेवण झालं की उठा. आपली माणसं रिकाम्या वाडग्यापुढे व्हिसाच्या गप्पा मारत बसतात आणि बाहेर थंडीत रांग ताटकळते, हे मला अजिबात पटत नाही. जपानी माणूस तोंडावर बोलत नाही, म्हणून त्याला चालतंय असं समजू नका.

भुरके मात्र खुशाल मारा. घरी त्यावरून ओरडा खाल्ला असेल, इथे गरम नूडल्स तशाच खातात. गप्पांत वेळ घालवला तर फुगून मऊ होतात. हाकाता पद्धतीच्या, म्हणजे तोनकोत्सु रस्सा आणि बारीक नूडल्सच्या दुकानात पोट भरलं नाही तर ‘काएदामा’ म्हणा, त्याच रस्स्यात घालायला नूडल्सचा आणखी एक गोळा मिळतो. त्यासाठी रस्सा आधीच संपवू नका.

उठताना वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवा, पुढ्यात फडकं असेल तर जागा पुसा आणि ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा. टिप ठेवू नका, विसरलेले पैसे समजून तुमच्या मागे धावत येतील.