पायथन उघडतानाच नम्पाय तयार ठेवायचं तर

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून बेळगावात इंजिनिअरिंगला आलेल्या पोराला कन्नड, इंग्रजी आणि पायथन असं तिन्ही एकदमच गाठतं. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत स्पेक्ट्रोचे (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत घालायचं काम मला मिळालं, तेव्हा स्क्रीनवर रोज हे यायचं: १.४१२ई+०३ ३.६२०ई+०० २.४१०ई+०० ४.१००ई-०२. म्हणजे तापमान १४१२ अंश, कार्बन ३.६२, सिलिकॉन २.४१ आणि मॅग्नेशियम ०.०४१ टक्के. ॲरेतला, म्हणजे नम्पायच्या आकड्यांच्या यादीतला, मोठ्यात मोठा आकडा लहानात लहान आकड्याच्या हजारपटीपुढे गेला की नम्पाय असं लिहितं. भट्टीपाशी उभ्या माणसाला हे दाखवायचं कसं?

त्यासाठी एक छोटी पायथन फाईल करा आणि पायथनस्टार्टअप या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला तिचा पूर्ण पत्ता द्या. लिनक्सवर ती ओळ बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाईलीत जाते. फाईलीत नम्पायचं एनपी या छोट्या नावानं इम्पोर्ट आणि सेट_प्रिंटऑप्शन्स एवढं पुरे: सप्रेस ट्रू (म्हणजे ते ई-वालं लिहिणं बंद), लाइनविड्थ १२० (एका ओळीत किती अक्षरं). मुळात ती ७५ असते, म्हणून लांब ओळी मध्येच तुटतात. आयपायथन हा पायथनचा जास्त सोयींचा शेल वापरत असाल तर त्याच्या प्रोफाइलमध्ये स्टार्टअप नावाचा फोल्डरच असतो. त्यातल्या फाईली नावाच्या क्रमानं चालतात.

आता प्रिसिजन, म्हणजे दशांश चिन्हापुढं किती अंक छापायचे ते. इथं मी चुकलो. आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून २ ठेवलं. एसजी आयर्नच्या (गोल गाठींच्या ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) दोन हीटचे, म्हणजे भट्टीच्या दोन खेपांचे, आकडे दाखवले, तर मेल्टिंगचे मामा म्हणाले, "दोन्हीत मॅग्नेशियम सारखंच कसं रे? दुसऱ्या हीटला कमी पडलंय, मी बघितलंय की." मी स्क्रीनकडे बोट केलं: ०.०४ आणि ०.०४. मग प्रिसिजन वाढवून पाहिलं, तर एक ०.०४४ आणि दुसरं ०.०३६. मॅग्नेशियम कमी पडलं की ग्रॅफाइटच्या गाठी नीट बनत नाहीत, ओतकाम ठिसूळ होतं. ॲरेत आकडे बरोबरच होते, गोल झाले ते फक्त छापताना. मामांची नजर नसती तर ती हीट मी बरोबर म्हणून पुढं सोडली असती. तेव्हापासून माझ्याकडं प्रिसिजन ४ आहे. तुमच्या कामात शेवटचा महत्त्वाचा अंक कुठं येतो ते आधी विचारून घ्या, मगच आकडा ठरवा.

दुसरी गोष्ट नव्या पोरांना हमखास अडवते. ही फाईल फक्त इंटरॲक्टिव्ह पायथन उघडल्यावर चालते. शेलमध्ये नीट चाललेल्या ओळी फाईलीत टाकून चालवल्या की एनपी सापडत नाही म्हणून नेमएरर येतो. म्हणून प्रोग्रॅमच्या फाईलीत इम्पोर्ट दरवेळी लिहाच. शून्यानं भागाकार झाल्यावर थांबवणारं सेटएर आणि रँडमचं सीड (रँडम आकडे दरवेळी तेच यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा) सुद्धा तिथंच हवं, कारण त्यानं निकाल बदलतो. नम्पायच्या आतली आकडेमोड करणाऱ्या ओपनब्लास लायब्ररीचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) कमी करायचे असतील तर त्याचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नम्पाय इम्पोर्ट व्हायच्या आधी लावा. नंतर लावून काही होत नाही.