राजहंसगडाचे फोटो एनएफटी करायचेत? आधी फाईलींची नावं बघा

बेळगावातली फोटोवाली पोरं विचारत असतात, की राजहंसगड, भीमगड, वल्लभगड सगळीकडचे फोटो पडून आहेत, त्याचं एनएफटी (ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कम्प्युटरांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीत, नोंदवलेलं मालकीचं डिजिटल टोकन) कलेक्शन करायचंय पण कोडिंग येत नाही. चालतंय की. डिप्लॉय करायला, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम ब्लॉकचेनवर चढवायला, कोडिंग जवळजवळ लागतच नाही, ते पटकन होतंय, खरी मेहनत त्याच्या आधी फाईली लावण्यात आहे आणि लोक नेमके तिथंच घाई करतात.

तर आधी फाईली. फोटोंना ०, १, २ असे नंबर द्या, शून्यापासून, एकपासून नको (का ते खाली कळेल). मग प्रत्येक फोटोची एक जेसन फाईल (फोटोची माहिती ठराविक साच्यात लिहिलेली साधी टेक्स्ट फाईल), त्यात नेम, डिस्क्रिप्शन, इमेज आणि अ‍ॅट्रिब्यूट्स, ही चार नावं इंग्रजीत लहान अक्षरांतच टाईप करायची, समोरचा मजकूर मात्र मराठीत टाका नाहीतर कन्नडमध्ये, चालतंय. अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये तालुका टाकला तर छान दिसतं, म्हणजे भीमगडला खानापूर, वल्लभगडला हुक्केरी. मिरवणुकीतल्या चित्ररथाचे फोटोही घेणार असाल तर आधी मंडळाला विचारा, फोटो तुमचा असला तरी देखावा त्यांचा आहे.

हे सगळं गूगल ड्राईव्हवर ठेवू नका. लिंक बंद झाली की एनएफटी राहतंय आणि फोटो गायब. आयपीएफएसवर, म्हणजे अनेक कम्प्युटरांत मिळून फाईली ठेवायच्या नेटवर्कवर ठेवायचं, त्यासाठी पिनाटासारखी सर्व्हिस आहे. पहिल्यांदा फोटोंचं फोल्डर चढवा, एक लांबलचक सीआयडी (आतल्या मजकुरावरून तयार झालेली ओळख) मिळेल, तो आणि पुढं स्लॅश देऊन त्या फोटोच्या फाईलीचं पूर्ण नाव, असा आयपीएफएस पत्ता प्रत्येक जेसनच्या इमेजसमोर घाला, मग जेसनचं फोल्डर चढवा, त्याचा दुसरा सीआयडी मिळेल. हा क्रम उलटा होत नाही. आणि फाईलीत एक स्वल्पविराम बदलला तरी सीआयडी बदलतो, म्हणून वर चढवायच्या आधी शुद्धलेखन कुणाकडून तरी वाचून घ्या. आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं असंही नाही बरं का, कुणीतरी पिन करून (आपल्या कम्प्युटरवर मुद्दाम जपून) ठेवलं तरच राहतं.

आता कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा तुमच्या कलेक्शनचा प्रोग्रॅम. ओपनझेपेलिन विझार्ड (टिका मारल्या की कॉन्ट्रॅक्टचा कोड बनवून देणारी वेबसाईट) उघडा, ईआरसी-७२१ (एनएफटीचा ठरलेला साचा) निवडा, नाव आणि सिम्बॉल टाका, मिंटेबल (मिंट म्हणजे नवीन टोकन काढणं) आणि ऑटो इन्क्रिमेंट आयडीजवर (नंबर आपोआप वाढणं) टिक, अ‍ॅक्सेसमध्ये ओनेबल. बेस यूआरआयमध्ये, म्हणजे सगळ्या पत्त्यांच्या सुरुवातीच्या भागात, जेसनवाल्या फोल्डरचा आयपीएफएस पत्ता आणि शेवटी स्लॅश, तो स्लॅश विसरू नका. कॉन्ट्रॅक्ट काय करतं, बेस यूआरआयला टोकनचा नंबर चिकटवतं, बस्स, पुढं डॉट जेसन लावत नाही. म्हणून जेसन फाईलींच्या नावाला एक्स्टेंशन ठेवायचं नाही, नुसतं ०, १, २, आणि तेही इंग्रजी आकड्यात. मोजणी शून्यापासून होते म्हणून वर शून्य म्हटलं. कलेक्शनचे फोटो न दिसण्यामागं बऱ्याचदा हेच असतंय, आणि लोक मार्केटप्लेसला शिव्या घालत बसतात.

तिथूनच ओपन इन रिमिक्स केलं की कोड रिमिक्समध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट तयार करून चढवायच्या ब्राउझरमधल्या साधनात येतो, कंपाईल करा. डिप्लॉयच्या टॅबमध्ये दोन गोष्टी बघा. एन्व्हायर्नमेंटमध्ये आपोआप रिमिक्स व्हीएम असतं, ते फक्त तुमच्या ब्राउझरमधलं खोटं नेटवर्क, त्यावर हिरवी टिक आली म्हणून पेढे वाटू नका, मेटामास्कवालं (मेटामास्क म्हणजे ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट) ऑप्शन घ्या. दुसरं, कॉन्ट्रॅक्टच्या यादीत लायब्ररीची पण नावं दिसतात, त्यातलं आपलंच निवडा. इनिशियल ओनरमध्ये तुमचा वॉलेट अ‍ॅड्रेस.

आधी टेस्टनेटवरच (सरावाच्या नेटवर्कवर) करा, पॉलिगॉन या ब्लॉकचेनचं अमॉय आहे, चेन आयडी (नेटवर्कचा नंबर) ८०००२, तिथले टोकन फॉसेटमधून (असे टोकन वाटणाऱ्या वेबसाईटवरून) फुकट मिळतात. डिप्लॉय झालं की रिमिक्समध्ये दिसणाऱ्या सेफमिंटमध्ये स्वतःचा अ‍ॅड्रेस देऊन एखादं मिंट करा, टोकन यूआरआयला ० देऊन पत्ता काढा आणि तो खरंच उघडतो का बघा. उघडला तरच मेनेटवर (खऱ्या नेटवर्कवर), चेन आयडी १३७, गॅस म्हणजे ट्रान्झॅक्शनची फी पीओएल या पॉलिगॉनच्या टोकनमध्ये. मधेच लाईट गेली तर घाबरून परत डिप्लॉय दाबू नका, मेटामास्कनं पाठवलेलं ट्रान्झॅक्शन तुमच्या वायफायची वाट बघत नाही, मोबाईलवरून पॉलिगॉनस्कॅनला (पॉलिगॉनवरची ट्रान्झॅक्शन दाखवणाऱ्या वेबसाईटला) बघा. तिथं कॉन्ट्रॅक्ट व्हेरिफाय (कोड सगळ्यांना तपासता येईल असा जाहीर) पण करून टाका, कंपायलरचं व्हर्जन रिमिक्समधलंच घ्या.

सिक्रेट फ्रेज (वॉलेटची किल्ली असलेले गुप्त शब्द) कुणालाच द्यायची नाही, मदत करतो म्हणणाऱ्या दोस्ताला पण नाही. आणि विकून पैसे आले तर सीएला गाठा, २०२२ च्या एप्रिलपासून असल्या डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, एकातला तोटा दुसऱ्यात वजा होत नाही. रॉयल्टीवर (पुढच्या विक्रीतल्या तुमच्या वाट्यावर) हिशेब मांडू नका, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिली तरी ती द्यायची की नाही हे बऱ्याचदा मार्केटप्लेसच ठरवतंय.